प्रतिसाद: नुसत्या बी२ वर आयरिश शिकवता येईल का?
ताई, आयर्लंडमध्ये गणिताची शिक्षिका म्हणून नोंदणी आहेच, आता ‘टीईजी’ या आयरिश भाषेच्या परीक्षेची बी२ ही मधल्यापेक्षा वरची पातळी पास झाल्यावर माध्यमिक शाळेत आयरिशही शिकवता येईल का, असं विचारलंत. तेवढ्यावर नाही भागत. मेनूथ विद्यापीठाची ती परीक्षा भाषेची पातळी दाखवते. नोंदणीत विषय वाढवायला टीचिंग कौन्सिलला, म्हणजे तिथल्या शिक्षकांची नोंदणी करणाऱ्या संस्थेला, पदवी पातळीवरचे किमान ६० ईसीटीएस (अभ्यास मोजायचे युरोपातले) क्रेडिट लागतात, म्हणजे पूर्णवेळ एका वर्षाचा अभ्यास. फी भरण्याआधी तुम्ही निवडलेला अभ्यासक्रम चालतो का, हे कौन्सिलला लेखी विचारा.

आणि पश्चिम आयर्लंडमधल्या कॉनेमाराच्या गेल्टाख्टमध्ये, म्हणजे आयरिश बोलणाऱ्या भागात, जाऊन राहाच. आपल्याकडे शब्दाचं शेपूट बदलतं, घरचं घरात होतं. आयरिशमध्ये तोंडच बदलतं. ‘बाड’ म्हणजे होडी, पण माझी होडी ‘मो वाड’. हे कानात बसायला बोलणारी माणसंच लागतात.