'जनुक-नियमन' की 'जनुक-नियंत्रण'?

टी-पेशी (रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) कशा घडतात यावर बारावीच्या मुलांसाठी टिपण लिहितोय. 'रेग्युलेशन'ला सरसकट 'नियंत्रण' लिहीत गेलो. बहिणीने वाचून विचारलं, "जनुकं काय मोकाट सुटलीत?" तेव्हापासून अडलोय.

—

'नियमन' लिहा. नियंत्रणात आवर घालणं आहे: प्रदूषण नियंत्रण, गर्दीवर नियंत्रण. नियमनात कधी, कुठे, किती हे ठरवणं येतं. अस्थिमज्जेतून छातीतल्या थायमस ग्रंथीमध्ये आलेल्या पेशीला नॉच-१ या ग्राहीमार्फत (ग्राही म्हणजे पेशीवरचं, बाहेरचा संदेश टिपणारं प्रथिन) इशारा मिळतो. मग टीसीएफ-१, गाटा-३ आणि मागाहून बीसीएल११बी ही जनुकं चालू-बंद करणारी प्रथिनं कामाला लागतात, जुनी काही जनुकं गप्प होतात. उंदरांत बीसीएल११बीचं जनुक काढून टाकलं तर पेशी टी व्हायचं सोडून एनके (नॅचरल किलर) या दुसऱ्या प्रकारच्या पेशींच्या वाटेला लागते. हे नुसतं आवरणं नव्हे.

—

आमच्याकडे 'नियमन' म्हणजे भारनियमन, म्हणजे लाइट गेली! नाहीतर संततिनियमन. दोन्हीकडे कपातच.

—

अहो, भारनियमन तर माझ्याच बाजूने बोलतंय. तारा सगळ्या गावात ओढलेल्या. कोणत्या फीडरला कधी वीज द्यायची एवढंच ठरवायचं. पेशींतही जनुकं बहुतेक तीच असतात. (टी-पेशी आपल्या ग्राहीचं जनुक कापून-जोडून घेते, तेवढा अपवाद.) पुढे फाटा फुटतो तिथे थपॉक या तशाच प्रथिनाचा जोर झाला तर सीडी४ मदतनीस टी-पेशी, रंक्स-३ चा झाला तर सीडी८ मारक टी-पेशी. आणि बीसीएल११बीच्या जनुकाची तर गंमतच: एका पेशीतल्या दोन प्रतींपैकी एक चालू होते, दुसरी कधी कधी काही दिवस बंदच राहते. वरच्या आळीत उजेड, खालच्या आळीत कंदील!

—

जरा विषयांतर. विश्वकोशात थायमसला 'यौवनलोपी ग्रंथी' म्हटलंय. यौवनात लोप पावणारी, की यौवनाचा लोप करणारी? अर्थ पहिलाच, पण विद्यार्थ्याला दुसराच सुचणार. आणि वयात आल्यावर ती आक्रसत जाते, पुरती नाहीशी होत नाही. टिपणात सरळ थायमस लिहा.

—

थायमस ठेवतो, 'नियमन'ही पक्कं. पण आता नवीन पेच. फॉक्सपी३ या प्रथिनाच्या जोरावर घडणाऱ्या ज्या टी-पेशी, ज्यांच्या शोधाला २०२५ चं नोबेल मिळालं, त्यांना मी याच न्यायाने 'नियामक' लिहिलं. त्या तर इतर पेशींना खरोखरच आवरतात, स्वतःच्या शरीरावर तुटून पडू देत नाहीत. तिथे 'नियंत्रक' जास्त खरं नाही का?