टोचनसाठी जुना डिझेल ट्रक: घाटात ओढ कमी होते आणि इंजिन तापते

धुळे_गॅरेज
नमस्कार मंडळी. धुळ्याजवळ आमचे गॅरेज आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन्ही महामार्गांवर बंद पडलेल्या गाड्या टोचन करून आणण्याचे काम वाढल्यामुळे जुना सहा चाकी ट्रक घेऊन त्यावर क्रेन बसवण्याचा विचार आहे. २०१४ चा, बीएस-३ (जुन्या प्रदूषण मानकाचा), इनलाइन पंपाचा (डिझेल इंजिनात सोडणाऱ्या जुन्या पद्धतीच्या पंपाचा) एक ट्रक पाहिला असून मीटरवर ४ लाख ८० हजार किलोमीटर दिसतात. रिकामा उत्तम पळतो. परंतु माल भरून ट्रायल घेतली तेव्हा लळिंग घाट चढताना ओढ कमी झाली आणि तापमानाचा काटा वर सरकला. उन्हाळ्यात सगळ्याच गाड्या तापतात, असे मालक म्हणतात. इंजिनचे काम निघेल का?

पंपवाला_जळगाव
भाऊ, किलोमीटरच्या आकड्यात फार अडकू नका. मीटर मागे फिरवता येते, आणि वेळेवर ऑइल बदललेले इंजिन पाच लाखांनंतरही काम देते. ओढ कमी झाली तेव्हा धूर कसा होता, ते आधी सांगा. काळा धूर असेल तर डिझेल जात आहे पण हवा कमी पडत आहे, म्हणजे एअर फिल्टर, टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) आणि इंटरकूलरचे (ती हवा गार करणाऱ्या जाळीचे) होज पाहावेत. धूर न येता नुसतीच ओढ जात असेल तर डिझेलच कमी पडत आहे, आणि तेथे बहुधा चोकअप झालेला फिल्टर, टाकीतील जाळी किंवा फीड पंप (टाकीतून डिझेल खेचणारा) निघतो.

तापण्याचे म्हणाल तर रेडिएटर समोरून धुतलेला दिसतो, पण इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत आपल्याकडची धूळ आणि कापसाचे तंतू यांचा थर बसतो. तो टॉर्च लावूनच दिसतो. थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला आहे का, तेही पाहा. काही इंजिनांत तो काढल्यावर पाणी रेडिएटर टाळून बायपासमधूनच फिरते आणि इंजिन उलट जास्त तापते. शेवटी, गरम इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण काढून त्याच भोकावर उलटे ठेवा. धुराच्या झोताने ते नाचू लागले किंवा उडाले, तर बॅक कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब पिस्टनशेजारून खाली गळणे) आहे आणि इंजिन उघडावे लागणार.

हायवे_क्रेन_शिरपूर
इंजिनाइतकीच चेसिस (ट्रकचा लोखंडी सांगाडा) पाहा, दादा. मागच्या स्प्रिंगच्या ब्रॅकेटजवळ वेल्डिंग किंवा वरून मारलेली पट्टी दिसली, तर क्रेनसाठी तो ट्रक घेऊ नये. बंद गाडीचे तोंड उचलले की तिचे वजन आपल्या मागच्या एक्सलच्याही मागे लटकते, त्यामुळे पुढची चाके हलकी होऊन स्टेअरिंग धरत नाही, आणि मुंबई-आग्रा महामार्गावरच्या बिजासन घाटाच्या उतारावर हे जिवावर बेतते. म्हणून लांब व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर) बरा.

कॉम्प्रेसर ब्रेकची हवा किती वेळात भरतो तेही पाहा. बंद गाडीच्या ब्रेकमधली हवा उतरली की तिचे मागचे स्प्रिंग ब्रेक लागूनच राहतात. ते सोडवायला आपल्या ट्रकमधून नळीने हवा द्यावी लागते. मागची चाके जमिनीवर ठेवून ओढताना आधी जॉइंट (गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल जोडणारा शाफ्ट) खोलावा, हे गॅरेजवाल्याला सांगायला नको. तरी घाईत हेच राहून जाते आणि बंद इंजिनमुळे ऑइल न मिळता गिअरबॉक्स कोरडा फिरतो.

कागदपत्रे_बघा
क्रेन बसवणे हा वाहनातील बदल असल्यामुळे आरटीओची परवानगी आणि आरसीवर (नोंदणी पुस्तकावर) नोंद लागते. ट्रकवर कर्ज असल्यास बँकेचे नाहरकत पत्र आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवण्याचा) हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ई-चलनेही तपासावीत. १५ वर्षांवरील वाहनांच्या फिटनेसचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून बरेच वाढले होते. या ट्रकला आता किती लागते ते आरटीओत विचारून भाव ठरवताना धरा.

धुळे_गॅरेज
सर्वांचे आभार. काळा धूर नव्हता. आज पुन्हा जाऊन झाकण ठेवून पाहिले, ते जागेवरच राहिले. मधल्या फटीत मात्र बोट घातल्यावर मातीने काळी पडलेली कापसाची लादीच बाहेर आली. चेसिसला पट्टी नाही.

पंपवाला_जळगाव
मग डिझेल फिल्टर बदलून, रेडिएटर काढून साफ करून घ्या आणि तेवढाच माल भरून दुपारच्या उन्हात पुन्हा तोच घाट चढवा. खर्च मालकाने करावा. तरीही काटा वर गेला, तर गार इंजिनवर रेडिएटरचे झाकण उघडून इंजिन चालू करा; पाण्यात सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधले सील) गेले आहे, आणि त्या कामाची रक्कम भावातून वजा झाल्याखेरीज सौदा करू नका.