क्वाउतेमोक आठवायचा तो जळत्या पायांनीच का?

रानवाटा:
क्वाउतेमोक हा मेक्सिकोतल्या अझ्टेकांचा शेवटचा राजा; नावाचा अर्थ खाली झेपावणारा गरुड. आधीचा राजा देवीच्या साथीत गेला आणि पंचविशीच्या आसपासचा हा तरुण गादीवर आला. अन्न नाही, गोडं पाणी तोडलेलं, तरी स्पॅनिशांच्या वेढ्यात त्याने राजधानी तेनोच्तित्लान लढवली. 13 ऑगस्ट 1521 ला तो पकडला गेला. पुढे सोन्यासाठी स्पॅनिश सेनानी एर्नान कोर्तेसच्या लोकांनी त्याचे पाय भाजले, आणि 1525 मध्ये कोर्तेसने त्याला फाशी दिलं. चित्रकारांनी उचलला तो पाय भाजण्याचा प्रसंग. लेआंद्रो इसागिरेचं 1893 चं भव्य चित्र घ्या. वेढ्यातले ते महिने कुठे गेले? सोसणारा राजा लोकांना आवडतो, लढणारा अडचणीचा वाटतो, असं माझं ठाम मत आहे.

शाईचा डाग:
अजिबात पटलं नाही. इसागिरेच्या चित्रात शेजारचा सरदार वेदनेने कळवळतोय आणि क्वाउतेमोक ताठ बसून समोर उभ्या कोर्तेसकडे बघतोय. याला तुम्ही नुसतं सोसणं म्हणता? त्या नजरेपुढे कोर्तेसच खुजा दिसतो. शिवाय मेक्सिको सिटीतल्या रेफोर्मा रस्त्यावरचा 1887 चा पुतळा पाहा. वर भाला उगारलेला राजा, छळाचा प्रसंग खाली चौथऱ्यावर कोरलेला. तुम्हाला हवा तोच क्रम आहे की!

कोरडी विहीर:
पुतळा छानच आहे, पण तो उभारला कोणाच्या राजवटीत? हुकूमशहा पोर्फिरिओ दियासच्या. याच दियासच्या काळात याकी आदिवासींना उत्तरेतल्या सोनोरातून हुसकून युकातानच्या घायपाताच्या मळ्यांवर राबायला पाठवलं. मेलेल्या आदिवासी राजाला फुलं आणि जिवंत आदिवासींना बेड्या! हे कळल्यापासून मला तो पुतळा निखळ आनंदाने बघता येत नाही.

शाईचा डाग:
दियासचा दोष पुतळ्याच्या माथी कशाला? नाव सरकारच्या हातात राहिलं नाही. लोक पोरांची नावं क्वाउतेमोक ठेवतात. फुटबॉलपटू ब्लांको, राजकारणी कार्देनास, दोघेही क्वाउतेमोकच. कोर्तेसचं नाव तिथे इतक्या मायेने कोणी ठेवतं का?

रानवाटा:
नावाचा मुद्दा मान्य, मनापासून मान्य. पडद्याचं काय पण? 1919 मध्ये त्याच्या नावाचा मूकपट निघाला होता. त्यानंतर शंभर वर्षांनी, 2019 मध्ये, स्पॅनिशांच्या या विजयावर मोठी मालिका आली, तिचं नाव 'एर्नान'. म्हणजे कोर्तेसचं पहिलं नाव! कथा कोणाच्या डोळ्यांनी सांगायची ते तिथेच ठरलं.
आणि छळाच्या चित्रांबद्दल मी मागे हटणार नाही, फक्त चित्रकार सिकेइरोसला वगळतो. मेक्सिको सिटीतल्या बेय्यास आर्तेस या कलाप्रासादात त्याची 1951 ची दोन भित्तिचित्रं आहेत. एकात छळ आहेच. दुसऱ्यात मात्र राजा पुन्हा उठलाय, आणि अंगावर चिलखत स्पॅनिशांचं. शत्रूचंच लोखंड घालून उभा! मला हवा असलेला क्वाउतेमोक हा.