'गुन्हेगारी दर', 'अपराध दर' की 'गुन्ह्यांचं प्रमाण'?

एक भाषांतर करतेय, देशातल्या गुन्ह्यांच्या आकडेवारीवरचं, आणि क्राइम रेट या दोन शब्दांपाशीच अडलेय. पेपरात 'गुन्हेगारी दर' असतं, टीव्हीवर हल्ली 'अपराध दर' पण ऐकू येतं, आणि मला नुसतं 'दर' म्हटलं की कांद्याचा दर आठवतो. काय लिहावं? आणि गुन्हा नि अपराध यात फरक आहे ना काहीतरी?

प्रतिसाद १
फरक आहे ताई, आणि तो हिंदीच्या बरोब्बर उलटा आहे. गुन्हा आला फारसी गुनाहवरून, म्हणजे मुळात पाप. हिंदीत गुनाह अजून त्या पापाच्याच जवळ राहिलाय आणि कायद्याच्या कामाला अपराध घेतलाय, आपल्याकडे गुन्हा पोलिस स्टेशनात गेला आणि अपराध मनात राहिला. शिशुपालाचे शंभर अपराध भरले म्हणतो आपण, शंभर गुन्हे नाही म्हणत. चूक झाली की अपराधी वाटतं, पण दाखल होतो तो गुन्हाच. त्यामुळे मराठीत 'अपराध दर' नकोच, ते सरळ हिंदीतून उचललंय.

'गुन्हेगारी'चं वेगळंच. पेशवाईच्या कागदांत गुन्हेगारी म्हणजे चक्क दंड, सरकारजमा होणारी रक्कम. आता त्याचा अर्थ प्रवृत्ती किंवा धंदा असा झालाय, संघटित गुन्हेगारी, बालगुन्हेगारी वगैरे. मोजता येतात ते गुन्हे, गुन्हेगारी कशी मोजणार? मी 'गुन्ह्यांचं प्रमाण' लिहीन, आणि लाख लोकसंख्येमागे किती हे सोबत लिहायचंच, नाहीतर उत्तर प्रदेश आणि गोवा यांची तुलना करण्यात काही अर्थच नाही.

प्रतिसाद २
वरचं सगळं पटलं, पण माझ्या मते खरा राहिलेला शब्द 'नोंद' आहे. एनसीआरबी, म्हणजे 1986 साली स्थापन झालेली संस्था, तिला मराठी पेपर 'राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग' म्हणतात ते मला फार नेमकं वाटतं, कारण ती घडलेले गुन्हे मोजत नाही, पोलिसांनी नोंदवलेले मोजते. एकाच एफआयआरमध्ये दरोडा, मारहाण आणि खून असेल तर त्यातला सगळ्यात गंभीर तेवढा आकड्यात जातो. एनसी, म्हणजे अदखलपात्र, ते तर या मोजणीत नसतंच. त्यांच्या अहवालातच लिहिलेलं असतं की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ते वाक्य बातमीत कधीच येत नाही याचा मला मनापासून राग येतो.

केरळ घ्या. एकूण नोंदीत कायम वरच्या राज्यांत, आणि खुनाचं प्रमाण देशाच्या सरासरीच्या निम्म्याच्या आसपास. मोठं कारण हेच की तिथे लोक तक्रार द्यायला जातात आणि ती लिहून घेतली जाते. खून लपवणं अवघड, म्हणून तुलना करायचीच तर खुनाच्या आकड्यावरून करावी.

प्रतिसाद ३
'नोंद'वरून माझा अनुभव सांगतो. एसटी स्टँडवर गर्दीत चढताना खिशातून मोबाइल मारला, मला हात जाणवला सुद्धा. पोलिस स्टेशनला गेलो तर ठाणे अंमलदार म्हणाले, साहेब "गहाळ झाला" असं लिहा, सिमकार्डसाठी दाखला लगेच मिळेल, "चोरीला गेला" लिहिलंत तर चकरा माराव्या लागतील. मला सिम हवं होतं, मी अर्जावर चोरी खोडून गहाळ लिहिलं, वरती सही केली. घरी येताना लक्षात आलं की देशातला एक गुन्हा मी माझ्या हाताने कमी केला. आजही वाईट वाटतं. सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलंय की दखलपात्र गुन्ह्याची खबर आली तर एफआयआर घ्यावाच लागतो, पण अर्जावर गहाळ असलं तर गुन्हाच उरत नाही ना.

प्रतिसाद २
दादा, याचीच उलटी बाजू 2020 ची. त्या वर्षी देशात एकूण 66 लाखांवर गुन्हे नोंदले, आदल्या वर्षी 51 लाखांच्या वर होते, लाखामागे 385 वरून एकदम 487 च्या पुढे. माणसं एका वर्षात बिघडली का? चोऱ्या तर उलट कमी झाल्या, सगळे घरातच होते. वाढलं काय तर कलम 188, सरकारी आदेश मोडणे. 2019 ला साधारण 29 हजार, 2020 ला 6 लाखांवर. लॉकडाउनमध्ये बाहेर पडला, मास्क नाही, दुकान उघडं ठेवलं, झाला गुन्हा दाखल. अशा वर्षाला 'गुन्हेगारी वाढली' असं हेडिंग देणं हा वाचकावर अन्याय आहे.

मूळ प्रश्न विचारणारी
सगळ्यांचे खूप आभार, गहाळचा किस्सा वाचून मी पूर्ण मजकूर परत तपासला, तीन ठिकाणी 'घडलेले गुन्हे' लिहिलं होतं ते 'नोंदवलेले' केलं. तक्त्याच्या रकान्यात 'लाख लोकसंख्येमागे नोंदवलेले गुन्हे' मावत नाहीये, 'नोंद गुन्हे (लाखामागे)' असं चालेल का?

प्रतिसाद १
'नोंद गुन्हे' जरा तुटक वाटतं, 'नोंदलेले गुन्हे' करा, दोनच अक्षरं जास्त लागतील.