मदत हवी आहे: हॉट टबचा आरसीसीबी सारखा पडतोय, काढून टाकू का?

गंगापूररोडकर:
गच्चीवर हॉट टब बसवलाय. वायर वेगळी, बॉक्स वेगळा, सगळं नवीन. वायरमनने चालवून दाखवला तेव्हा मस्त चालला, आता आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) सारखा पडतोय, म्हणजे आपोआप बंद होतोय. शनिवारी बहिणीकडची मंडळी येताहेत, लहान मुलं पण आहेत. वायरमन म्हणतो, ‘हे फार सेन्सिटिव्ह असतात, तो काढून डायरेक्ट करून देतो, एमसीबी आहेच.’ करून घेऊ का? लवकर सांगा.

सातपूरकर:
डायरेक्ट अजिबात नको! एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. ३२ अँपिअरच्या एमसीबीला पडायला ३२ च्या वर करंट लागतो. पाण्यात बसलेल्या माणसाला त्याचा हजारावा हिस्सासुद्धा धोक्याचा. टब किती किलोवॅटचा? वायर किती स्क्वेअर एमएम? आरसीसीबी किती मिलीअँपिअरचा? अर्थिंग कुठून घेतलंय?

परदेशस्थ_नाशिककर:
टब अमेरिकेतून आणला असेल तर जपून. तिथे २४० व्होल्ट दोन फेजमधून मिळतात आणि मध्ये न्यूट्रल धरून १२० व्होल्टचे भागही चालतात. आपल्याकडे तसं जोडलं तर ते भाग जळतील. शिवाय तिकडे ६० हर्ट्झ, पंप इथे हळू फिरेल.

गंगापूररोडकर:
टब इथलाच आहे. प्लेटवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, ५.५ किलोवॅट. वायर ६ ची तांब्याची. आरसीसीबी ३० मिलीअँपिअर. अर्थिंग बिल्डिंगचंच. मी विचारलं काय आणि चाललंय काय.

सूर्यभक्त:
एवढी वीज जाळायचीच कशाला? गच्ची आहे, ऊन आहे, सोलर हीटर लावा. आमच्याकडे इंदिरानगरला डिसेंबरातही कडक पाणी येतं.

मुरूम_आणि_पाषाण:
बिल्डिंगचं अर्थिंग म्हणजे जमिनीतला अर्थिंगचा खड्डा, त्याचा रेझिस्टन्स कधी मोजलाय तरी का? नाशिकात बऱ्याच ठिकाणी दोन-चार फुटांखाली मुरूम आणि काळा खडक. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावापुरतं उरतं. आधी अर्थ टेस्टर लावून घ्या. आरसीसीबी पडण्याचं कारण तेच.

सातपूरकर:
नाही भाऊ, अर्थिंग कच्चं असलं म्हणून आरसीसीबी पडत नाही. तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट तोलतो, फरक दिसला की पडतो. अर्थिंग मोजायला हवंच, पण ते वेगळ्या कारणासाठी.

जुना_मोटारवाला:
१०० मिलीअँपिअरचा टाका, पडायचा थांबेल. आमच्या अंबडच्या वर्कशॉपमध्ये तोच आहे.

सातपूरकर:
काका, तो आगीपासून वाचवायला. माणूस पाण्यात उतरणार तिथे ३० च्या वर जायचंच नाही. मुलं बसणार आहेत त्यात.
@गंगापूररोडकर, हीटर बंद ठेवून फक्त पंप लावला तर पडतो का?

गंगापूररोडकर:
टब पूर्ण बंद असतानाही पडतो. रात्रीच पडतो, दिवसा कधीच नाही.

देवळालीची_ताई:
हे आधी सांगायचं ना! रात्री असं काय चालू होतं जे दिवसा नसतं?

गंगापूररोडकर:
काही नाही ताई. टबाभोवती चार एलईडी लावलेत, तेवढेच. पण ते इन्व्हर्टरवर आहेत, टबाच्या लाइनवर नाहीत.

देवळालीची_ताई:
तिथेच आहे. फेज इन्व्हर्टरचा घेतला आणि न्यूट्रल जवळ पडला म्हणून टबाच्या बॉक्समधून उचलला. दिव्यांचा करंट आरसीसीबीमधून नुसता परत येतो, गेलेला दिसतच नाही. ९ वॅटचे चार दिवे धरले तरी १५० मिलीअँपिअरच्या वर फरक. आरसीसीबी बरोबर काम करतोय, जोडणी चुकली आहे. आज रात्री दिवे बंद ठेवून बघा.

गंगापूररोडकर:
ताई, दिवे बंद ठेवले, टब हीटरसकट चालू ठेवला. एकदाही पडला नाही. दिवे लावले की लगेच खट्. म्हणजे शनिवारी दिवे न लावता चालवू?

देवळालीची_ताई:
चालवू नका. ज्याने न्यूट्रल असा उचलला, त्याने बाकी काय केलंय ते कुणी पाहिलंय? परवानाधारक वायरमन बोलवा. दिव्यांचा न्यूट्रल त्यांच्याच लाइनवर न्यायला सांगा. हीटरचं इन्सुलेशन मेगरने (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) तपासून घ्या. टबाची स्टीलची शिडी, जवळचं रेलिंग आणि धातूचे पाइप अर्थला एकत्र बांधायला सांगा. बॉक्स आणि स्विच टबात बसून हात पोचेल असे नकोत. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून बघा, पण त्यावरून अर्थिंग ठीक आहे असं समजू नका. ते बटण अर्थिंग तपासतच नाही.

मुरूम_आणि_पाषाण:
म्हणजे खड्डा मोजायचाच, मी तेच सांगत होतो.

सातपूरकर:
आणि महावितरणच्या बिलावरचा मंजूर भार बघा. ५.५ एकट्या टबाचे, वर एसी, गीझर. कमी असेल तर वाढवायचा अर्ज करा.

घरबांधणी:
स्लॅबचं कुणी विचारलंच नाही. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन, वर टब आणि माणसं. इंजिनिअरला दाखवलंय का?

गंगापूररोडकर:
स्लॅब बिल्डरच्या इंजिनिअरने पाहिलाय, खाली बीम आहे. परवानावाला वायरमन पंचवटीतून उद्या येतोय, मेगर आणि अर्थ टेस्टर घेऊन यायला सांगितलंय. जुन्याला डायरेक्ट करायला नाही म्हणून कळवलं. रीडिंग आलं की इथे टाकतो, तोपर्यंत मेन बंद.