मदत हवी आहे: ऊस ट्रॉलीच्या दांड्यावरच्या स्ट्रेन गेजसाठी कोणता एडीसी घ्यावा?

शेडवाला, बेळगाव

नमस्कार मंडळी,

उद्यमबागेत आमचं फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. ट्रॉलीचे दांडे, हुक, पिना अशी कामं असतात. गेल्या गळीत हंगामात आमच्याकडचा एक दांडा निपाणीच्या बाजूला चढावर पिनेच्या भोकापाशी तुटला. डबल ट्रॉली, वर ऊस खच्चून भरलेला. मागची ट्रॉली उलटी घरंगळली आणि बांधाला जाऊन टेकली, म्हणून वाचलं. मागून मोटारसायकलवर नवरा-बायको आणि लहान मूल येत होतं. ते चित्र अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. नुसती पट्टी जाड करून देणं मला पटत नाही. दांड्यावर नेमका किती ताण येतो, ते यंदाचा हंगाम सुरू व्हायच्या आत मोजायचंय.

आतापर्यंत केलंय ते असं. दांड्याच्या वरच्या अंगाला ३५० ओहमचा एक स्ट्रेन गेज (ताणला की रोध बदलणारा, चिकटवायचा पातळ सेन्सर) चिकटवला. जागा एमरीनं घासली आणि ॲसिटोननं, फडकं पांढरंच राहीपर्यंत, पुसली. ब्रिजचे (चार रोधांची चौकट, रोधातला बारीक फरक व्होल्टेजमध्ये दाखवणारी) बाकीचे तीन रोध ड्रायव्हरजवळच्या डब्यात आहेत आणि तिथपर्यंत ८ मीटर दोन तारांची वायर ओढलीय. डब्यात एचएक्स७११ या एडीसीचं (व्होल्टेजचा आकडा करणारी चिप) हिरवं मॉड्यूल, ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर आणि एसडी कार्ड. वीज ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून, व्होल्टेज उतरवणाऱ्या स्वस्तातल्या बक कन्व्हर्टरमधून.

अडचणी तीन आहेत. इंजिन बंद असताना आकडा शांत असतो, चालू केलं की ४०-५० मायक्रोस्ट्रेननं (लांबीत दहा लाखांत एक भाग बदल म्हणजे एक) नाचतो. सकाळी शून्य केलं तर दुपारी रिकाम्या, उभ्या ट्रॉलीवर दीडशेच्या वर दिसतात. तिसरी अडचण मला सगळ्यात जास्त खाते. हंप आला की आमचे ड्रायव्हर अण्णा स्वतःशीच "निधान, निधान" (कानडीत सावकाश) म्हणत गाडी काढतात, तरी मागची ट्रॉली पिनेवर धाडकन आदळते, सीट हलते. कार्डावर मात्र तेच ३००-३१०, जणू काही झालंच नाही.

दुकानदार एडीएस१२३२ घ्या म्हणतो, दुसरा एक जण थेट ३२ बिटचा घ्या म्हणतो. मला हातानं सोल्डर करता येईल असंच काही हवंय. काय घेऊ?

काटेवाला, निपाणी

दादा, आधी बिटांचा विषय बाजूला ठेवा. मी वजनकाटे दुरुस्त करतो, एचएक्स७११ रोज हातात असते. गेन (सिग्नल किती पट वाढवायचा) १२८ वर तिला साधारण ±२० मिलिव्होल्ट चालतात. तुमचा एक गेज, गेज फॅक्टर (स्ट्रेनच्या किती पट रोध बदलतो) २, हजार मायक्रोस्ट्रेनला ५ व्होल्टवर २.५ मिलिव्होल्ट देणार. म्हणजे एका मायक्रोस्ट्रेनला २.५ मायक्रोव्होल्ट. सेकंदाला १० सॅम्पल (मोजण्या) घेताना चिपचा स्वतःचा नॉइज ५० नॅनोव्होल्टच्या आसपास. बारकाई तिच्यात भरपूर आहे, ३२ बिट घेऊन काही हाती लागायचं नाही.

घोळ वेगाचा आहे. मॉड्यूलवर रेटची पिन ग्राउंडला जोडलेली असते, म्हणजे सेकंदाला १० सॅम्पल. ताशी १५ किलोमीटरनं ट्रॅक्टर दोन आकड्यांमध्ये ४० सेंटिमीटरच्या वर पुढे जातो. शिवाय इनपुट बदलल्यावर आकडा बसायला चार सॅम्पल लागतात, म्हणजे ४०० मिलिसेकंद. तुमचा दणका तेवढ्यात येऊन जातो. पिन उचलून ८० केलं तरी बसायला ५० मिलिसेकंद. एडीएस१२३२ चिप म्हणून चांगली आहे, पण तीही १० आणि ८० चीच. काट्यावर पोतं ठेवून थांबता येतं, हंपावर कोण थांबणार?

एडीएस१२२० घ्या. गेन १२८ पर्यंत, साध्या मोडमध्ये १००० सॅम्पल, टर्बोत २०००, आणि तयार मॉड्यूल मिळतं.

खानापूरकर

काटेवाले बरोबर सांगतायत, पण गेज असाच ठेवलात तर नवी चिपही तेच रडगाणं गाईल. तांब्याचा रोध अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. तुमच्या जाण्यायेण्याच्या तारेचा रोध २ ओहम धरला, तर अंशाला जवळजवळ ११ मायक्रोस्ट्रेन खोटे दिसतात. सकाळ-दुपारमध्ये १५ अंशांचा फरक पडला की दीडशेच्या वर. तुमचा आकडा तोच आहे की!

आणि वरच्या अंगाला एकच गेज म्हणजे ओढ आणि वाक दोन्ही एकत्र मोजता. वर-खाली दोन्हीकडे एक गेज लांबीच्या दिशेनं, एक आडवा लावा. लांबीचे दोन ब्रिजच्या समोरासमोरच्या भुजांत, शेजारी नकोत. वाक आणि तापमान बऱ्यापैकी एकमेकांना खातील आणि सिग्नल एका गेजच्या २.६ पट मिळेल. चार तारांची पिळलेली, शील्डची केबल घ्या, शील्ड फक्त डब्याच्या टोकाला जोडा.

इंजिनच्या नाचाचं आधी निदान करा. एक दिवस सगळं पॉवर बँकवर चालवा. नाच थांबला तर दोष कन्व्हर्टरचा.

काटेवाला, निपाणी

जोडणी लिहून ठेवा. ब्रिज आणि चिपची ॲनालॉग बाजू एकाच ५ व्होल्ट लिनिअर रेग्युलेटरवर. तेच ५ व्होल्ट चिपच्या बाहेरच्या रेफरन्स (तुलनेचं व्होल्टेज) पिनांना द्या, आतला २.०४८ चा रेफरन्स वापरू नका. व्होल्टेज थोडं हललं तरी गुणोत्तर तेच राहतं. डिजिटल बाजूला ३.३. दोन्ही इनपुटला १ किलोओहम आणि मध्ये १०० नॅनोफॅरड, म्हणजे ८०० हर्ट्झच्या आसपासची चाळणी. १००० सॅम्पल, सलग मोड. ५० हर्ट्झचं फिल्टर २० सॅम्पललाच चालतं, ते बंद ठेवा.

एसडी कार्ड लिहिताना मध्येच अडकतं, तेव्हा सॅम्पल डीआरडीवायच्या (नवा आकडा तयार झाल्याचं सांगणारी पिन) इंटरप्टवर घ्या, दोन बफर ठेवा, एक भरताना दुसरं लिहा. आणि एका भुजेला १७५ किलोओहमचा रोध समांतर लावून बघा. एका गेजच्या हिशेबानं तो हजार मायक्रोस्ट्रेन दाखवायला हवा. नाही दाखवला तर गाडी बाहेर काढू नका.

शेडवाला, बेळगाव

तीन आठवड्यांनी लिहितोय. पॉवर बँकवर नाच थांबला, कन्व्हर्टर बदलला. चार गेज लावले. पहिला आडवा गेज तिरका बसला, तो खरवडून नवा लावला. १७५ किलोओहमला ९९४ आले.

रविवारी विटा भरून डबल ट्रॉली काढली. सरळ रस्त्यावर खरा स्ट्रेन २८०-२९० येतो. त्याच हंपावर ८४० चा सुळका आला, जेमतेम १८ मिलिसेकंदांचा. अण्णांना ग्राफ दाखवला, ते बराच वेळ त्या सुळक्यावर बोट ठेवून बसले.

पोलादाला ८४० म्हणजे १६८ मेगापास्कल, आणि हे सपाट पट्टीवरचं. गोल भोकाच्या काठाला ताण तिपटीपर्यंत जाऊ शकतो आणि आमच्या पट्टीचं यील्ड (ज्या ताणाला पोलाद कायमचं ताणलं जाऊ लागतं) २५० आहे. भेग तिथूनच सुरू झाली असणार. आता पिन आणि भोक यातलं ढिलेपण कमी करून पुन्हा मोजतो. खानापूरकर, भोकाच्या काठाला लावायला १ मिलिमीटरच्या ग्रिडचा गेज पुरेल का, की त्याहून लहान बघू?