घरी केलेल्या एलईडी पट्टीच्या ग्रो लाइटला जळका वास येतोय, वायरिंग आणि गरम होण्याबद्दल सल्ला हवाय

कुंडीवाली_कोथरूड
नमस्कार मंडळी. आमच्या गॅलरीसमोर सात मजली इमारत उभी राहिली आणि ऊन गेलं ते गेलंच. मिरची, पुदिना, कोथिंबीर सगळं काडीसारखं उंच वाढून लोळायला लागलं, म्हणून हॉलमधल्या जुन्या लोखंडी रॅकवर (तीन फुटी, तीन कप्पे) लाइट लावून पालेभाजी करायचं डोक्यात घेतलं. तयार ग्रो लाइटच्या (झाडं वाढवायच्या दिव्यांच्या) किमती बघून नवरा म्हणाला एवढ्यात वर्षभराची कोथिंबीर येईल, मग काय, हट्टाने स्वतःच केलं.

५ मीटरचे दोन रोल आणले, १२ व्होल्ट, ५०५० (एलईडीचा आकार), मीटरला ६० एलईडी, पाकिटावर मीटरला १४.४ वॉट लिहिलंय. जुन्या मॉनिटरचा १२ व्होल्ट ५ अँपिअरचा ॲडाप्टर घरात पडून होता तो लावला. दोन्ही रोल क्लिपवाल्या कनेक्टरने एकाला एक जोडले आणि प्लायच्या तुकड्यांवर चिकटवत वरपासून खालपर्यंत नागमोडी फिरवले.

आता वरचा कप्पा झगझगीत आणि खालचा देवघरातल्या समईएवढा. ॲडाप्टरला हात लावला तर चटका बसतो. परवा एक पट्टी सुटून थेट मेथीच्या ट्रेमध्ये पडली. आणि काल रात्री तो वास. कनेक्टर उघडून बघितला तर आतलं पांढरं प्लॅस्टिक चहाच्या रंगाचं झालंय. सगळं बंद करून ठेवलंय. दुकानदार म्हणाला होता १२ व्होल्टच आहे हो ताई, त्याने काय होणारे. फॅन लावू का, मोठा ॲडाप्टर घेऊ का, की नाद सोडून मंडईत जाऊ?

भोचक
मंडईत जा. (गंमत करतोय, मलाही हेच करायचंय, वाचतोय.)

वायरमन_काका
ताई, बंद केलंत ते बरं केलंत आणि वास आल्याआल्या कनेक्टर उघडून बघितलात हे त्याहून बरं. मी कारखान्यात मेंटेनन्सला होतो, आता रिटायर. जरा सविस्तर लिहितो, वैतागू नका.

१४.४ गुणिले १० मीटर म्हणजे १४४ वॉट, भागिले १२, झाले १२ अँपिअर. ॲडाप्टर तुमचा ५ चा. म्हणजे एका बैलाला अडीच बैलांचं ओझं. शिवाय ॲडाप्टरमधून जेवढा करंट निघाला तेवढा सगळाच्या सगळा पहिल्या क्लिपमधून आणि पट्टीच्या पहिल्या वीतभर तांब्यातून गेला. ते तांबं कागदाएवढं, ५ मीटरच्या पुढे एकाला एक जोडायचंच नसतं. वाटेत व्होल्टेज पडत गेलं म्हणून खालचा कप्पा मिणमिणता.

दुकानदार अर्धं खरं बोलला. १२ व्होल्टने शॉक बसत नाही. पण आग व्होल्टने लागत नाही, सैल जोडातून अँपिअर गेले की लागते. क्लिपवाल्या कनेक्टरमध्ये दोन पातळ पत्रे नुसते टेकलेले असतात, त्यांच्यातून एवढे अँपिअर गेले की ते तापणार, तापले की सैल होणार, सैल झाले की आणखी तापणार. चहाचा रंग त्याचाच.

आणि आता खरी गोम. नुसता मोठा ॲडाप्टर आणलात तर धोका वाढेल, कमी नाही होणार. समजा १५ अँपिअरचा एसएमपीएस (२३० चे १२ व्होल्ट करणारा जाळीचा डबा, मोठा ॲडाप्टरच) आणला आणि कुठेतरी बारीक वायर पाण्याने किंवा उंदराने शॉर्ट झाली, त्यातून १० अँपिअर वाहायला लागले, वायर लाल व्हायला आली. एसएमपीएसला काय वाटणार? काहीच नाही, १० म्हणजे त्याच्या आवाक्यातलंच. घरातला एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा खटका)? १२ व्होल्टच्या बाजूला १५ अँपिअर म्हणजे २३० च्या बाजूला जेमतेम अँपिअरभर, तो ढिम्म हलणार नाही. ईएलसीबीलाही (गळती झाली की पडतो तो) पलीकडचं काही दिसत नाही. म्हणून १२ व्होल्टच्या बाजूला आपला फ्यूज लागतो, तोही प्रत्येक कप्प्याला वेगळा. गाडीचा पात्याचा फ्यूज घ्या. ऑटो पार्टच्या दुकानात चार-सहा खाचांचा फ्यूज बॉक्स स्वस्तात मिळतो.

आता करा असं. पट्टी कापा, तुमच्या पट्टीत दर तीन एलईडीला, म्हणजे ५ सेंटीमीटरला, कात्रीची खूण असते, तिथेच कापायचं. ९० सेंटीमीटरचे तुकडे, कप्प्याला तीन. एका कप्प्याचे झाले ३९ वॉट, सव्वातीन अँपिअर, फ्यूज ५ चा. तीन कप्पे मिळून पावणेदहा अँपिअर. एसएमपीएस १२ व्होल्ट १५ अँपिअरचा, तो दोन तृतीयांश लोडवर निवांत चालेल. प्रत्येक कप्प्याला फ्यूज बॉक्सपासून स्वतंत्र १ स्क्वेअर एमएमची तांब्याची जोडी आणि तिन्ही तुकडे पॅरलल. दिवाळीच्या माळेची लाल-काळी वायर वापरू नका. क्लिपा सगळ्या फेकून द्या, सोल्डर करा, वर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळून बसणारी नळी). स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला मात्र सोल्डर फासायचं नाही, ते दाबाखाली हळूहळू बसतं आणि स्क्रू ढिला होतो. तिथे थिंबल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) दाबून लावा.

२३० चं काम तुमच्या वायरमनकडून करून घ्या, त्यात लाजायचं काही नाही. तीन पिनचीच कॉर्ड, अर्थ एसएमपीएसच्या बॉडीला आणि रॅकलाही. लोखंडी रॅक आणि वर पाणी, अर्थशिवाय नकोच.

कुंडीवाली_कोथरूड
काका 🙏 एवढं कुणी शांतपणे सांगितलंच नव्हतं. एमसीबी पडेल की काही झालं तर, याच भरवशावर होते मी. आज दुपारी तपकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रिक सामानाचा बाजार) जाते. गरम होण्याचं काय पण? फॅन?

स्पीकरवाला
मी माझ्या सेटअपला कॉम्प्युटरचे दोन फॅन लावलेत, १२ व्होल्टचेच असतात, त्याच एसएमपीएसवर चालतात, मस्त गार. सरळ फॅन लावा.

वायरमन_काका
फॅन झाडांसाठी लावा, पट्टीसाठी नको. धुळीने कधीतरी अडकणारच तो, बहुतेक तुम्ही गावाला गेल्यावर. फॅन बंद असतानाही हात ठेवता आला पाहिजे अशी पट्टी बसवायची. मग फॅन बोनस.

फॅब्रिकेटर_नाशिक
इथे माझं काम आलं 😀 ताई, प्लाय काढा आधी. स्वस्तातल्या पट्टीत निम्म्याहून जास्त वीज उष्णतेतच जाते आणि ती मागच्या बाजूने बाहेर पडायला बघते, मागे प्लाय किंवा थर्माकोल म्हणजे तिला गोधडी पांघरल्यासारखं. चिकटपट्टी सुटली ती त्याच उष्णतेने. कुठल्याही स्लायडिंग खिडकीवाल्याकडे जा, ॲल्युमिनियमच्या सेक्शनचे (खिडकीच्या चौकटीच्या पट्ट्यांचे) तुकडे उरलेले असतात, किलोवर देतो, तीन फुटी नऊ नग मागा. इंचभर रुंद सपाट बाजू असलेला कुठलाही सेक्शन चालेल, पोकळ पाइप असेल तर अजून छान, हवा आतून-बाहेरून लागते.

चिकटवण्याआधी स्पिरिटने पुसा, बोटांचा तेलकटपणा राहिला तर आठवड्यात सुटेल. पावडर कोटिंग असेल तर पट्टीपुरती जागा घासून उघडी करा. शिवाय दर वीतभरावर केबल टाय मारून ठेवा, चिकटपट्टीच्या एकटीच्या भरवशावर झाडांच्या डोक्यावर काही टांगू नये. आणि महत्त्वाचं, पट्टी जिथे कापता तिथे तांब्याचे ठिपके उघडे राहतात, ते ॲल्युमिनियमला टेकले की शॉर्ट. टोकाखाली स्लीव्हचा तुकडा घाला आणि सेक्शनची करवतलेली कड कानशीने मारून घ्या, ती वायरची साल ब्लेडसारखी कापते, माझं बोट साक्षीला आहे.

जांभळी_जांभूळ
पांढऱ्या लाइटने झाडं वाढतात का पण? मी ऐकलं लाल-निळाच लागतो, तो जांभळा दिसतो तो.

टोरांटोकर
वाढतात, बिनधास्त. पांढरा एलईडी आत निळाच असतो, त्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर, त्यात लाल-हिरवं सगळं येतं. जांभळ्यात पान पिवळं पडलंय की नाही तेच कळत नाही, घरात बसवत नाही ते वेगळं.

मी कढीपत्त्यापायी यात पडलो. इकडे डिसेंबरात दिवस जेमतेम नऊ तासांचा, खिडकीत ठेवलेला कढीपत्ता दरवर्षी जानेवारीत पानं टाकून खराटा व्हायचा, आता बेसमेंटमध्ये लाइटखाली चौथा हिवाळा चाललाय आणि शेजारच्या गुजराती काकू फोडणी टाकून मग पानं मागायला येतात.

एक इशारा द्यायचाय, पुढे मोह होणार म्हणून. वाकणारी पट्टी सोडून कडक ॲल्युमिनियमच्या बोर्डवाल्या पट्ट्या मिळतात, उजेड जास्त, ताप कमी, मी त्याच वापरतो. पण त्या बहुतेक कॉन्स्टंट करंटच्या असतात, त्यांना १२ व्होल्टचा एसएमपीएस चालत नाही, ठरावीक मिलीअँपिअरच देणारा वेगळा पुरवठा, म्हणजे ड्रायव्हर, लागतो आणि पट्ट्या सिरीजमध्ये जातात. २२ व्होल्टच्या चार सिरीजमध्ये म्हणजे ८८ व्होल्ट डीसी. ६० च्या वर गेलं की मग 'डीसीच आहे हो' म्हणून ओल्या हाताने जोड चाचपायचा नाही. आणि त्याच पट्ट्या एका ड्रायव्हरवर पॅरलल लावल्या तर एक तुटली की तिचा करंट उरलेल्यांच्या बोकांडी बसतो.

भोचक
मी जुन्या लाकडी कपाटात करणार होतो, दार लावून, म्हणजे उजेड हॉलमध्ये येणार नाही...

वायरमन_काका
नको. दार काढा. १०० वॉट बंद लाकडी कपाटात म्हणजे उबवणी यंत्र, आत पिल्लं निघतील.

समुद्राकाठी
रत्नागिरीहून. आमच्याकडे पावसाळ्यात तांबं हिरवं पडतं, म्हणून मी सिलिकॉनचं आवरण असलेली पट्टी घेतली आणि कापलेली टोकं खिडकीच्या सिलिकॉनने बंद केली. तीन महिन्यांत तिथलंच तांबं सगळ्यात आधी खाल्लं गेलं. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन तांब्याला खातो हे नंतर कळलं, बिनवासाचा न्यूट्रल मिळतो तो मागायचा. आवरणवाली पट्टी पाण्याला चांगली पण आतली गरमी अडवते, तेव्हा ॲल्युमिनियम तिलाही हवंच.

आणि वायरीला झोळ द्या. सॉकेटकडे किंवा एसएमपीएसकडे जाणारी प्रत्येक वायर आधी त्याच्या पातळीच्या खाली लोंबली पाहिजे आणि मग वर चढली पाहिजे, म्हणजे कुंडीचं पाणी ओघळत आलं तरी झोळाच्या तळाशी टपकेल, आत नाही जाणार. एक्सटेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवू नका, पाणी शेवटी तिथेच येतं.

स्पीकरवाला
एसएमपीएस घेताना अजून एक, कुणी सांगितलं नाही. जाळीवाल्या काहींना बाजूला लाल सरकता खटका असतो, ११०/२२०. माझा ११० वर आला होता, मी न बघता लावला, फाट्कन आवाज आणि पांढरा धूर, आई स्वयंपाकघरातून कढई घेऊनच धावत आली. लावायच्या आधी टॉर्च मारून बघा.

कुंडीवाली_कोथरूड
अपडेट देते, नऊ दिवस झाले.

लाल खटका होता, २२० वरच होता, तरी तीनदा बघितला. एसएमपीएस रॅकच्या बाजूला भिंतीवर उंच लावलाय, पाण्याच्या टप्प्याबाहेर, वर जाळीचं पत्र्याचं कव्हर, कारण स्क्रू उघडे असतात आणि घरात पाच वर्षांचा भाचा येतो. खिडकीवाल्याने तुकडे फुकट दिले, मिरचीचं रोप मागितलं बदल्यात. सोल्डरिंग पहिल्यांदाच केलं, पहिले दोन जोड म्हणजे नुसते गोळे, तिसऱ्यापासून जमलं.

काकांनी फोनवर सांगितलं तसं पहिल्या दिवशी दोन तास समोर बसून राहिले आणि मग एकेका जोडाला, फ्यूजला, पट्टीच्या पाठीला हात लावत गेले. पट्टीवर हात आरामात ठेवता येतो, आंघोळीच्या कढत पाण्याएवढी. एसएमपीएस कोमट. पण मधल्या कप्प्याचा फ्यूज शेजारच्या दोघांपेक्षा गरम लागला, तिघांचा लोड सारखाच असून. कशाने?

वायरमन_काका
फ्यूज नाही तापला, त्याचा पाय तापलाय. थिंबल नीट दाबलं गेलं नसेल. बंद करून वायर ओढून बघा.

कुंडीवाली_कोथरूड
ओढली, हातातच आली 😳 परत दाबून लावली, आता तिन्ही सारखे.

भोचक
बिलाचं काय पण? त्यावरच आमच्या घरचं मतदान अडलंय.

कुंडीवाली_कोथरूड
पट्ट्या ११७ वॉट, एसएमपीएसची घट धरून भिंतीतून साधारण १३५-१४०, टायमरवर रोज १२ तास, म्हणजे महिन्याला ५० युनिटच्या आसपास. आमचं बिल शंभर युनिटच्या पुढच्या स्लॅबमध्ये आधीपासूनच आहे, त्यामुळे नवऱ्याने एकदा उसासा टाकला. आधी १६ तास ठेवणार होते पण कोथिंबीर एवढ्या उजेडात लवकर फुलावर जाते असं खिडकीवाल्याच्या बायकोनेच सांगितलं.

पट्टी पानांपासून वीतभर वर ठेवलीये. मेथी चार बोटं झालीये, यावेळी सरळ उभी. मिरचीचं रोप खिडकीवाल्याला पोचवायचंय अजून.